दुसऱ्या भागाबद्दल माझं म्हणणं

चारशे बारा पानं.
दाभोळच्या जेटीवर, तिकिटाच्या खिडकीआड,
दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात वाचून संपवली.
बांधणी चांगली आहे. चित्रं कमी.
आता माझं म्हणणं.

पहिल्या भागात कालवी कुणीच नव्हती.
खडकावर कालवं फोडणाऱ्या बाईची पोर,
बोटांना सदा चिरा, केसांना वास.
भांग कधी, उधाण कधी, हे तोंडपाठ,
एवढीच काय ती तिची विद्या.
अवसेच्या ओहोटीला पाणी पार तळाला गेलं
की ती आकडे मोजायची, एकोणनव्वदपर्यंत,
आणि नव्वदला रेतीत दार उघडायचं.
मोजता येणाऱ्या कुणालाही उघडलं असतं.
तेच तर मला आवडलं होतं.
मीही मोजलं होतं एकदा,
शेवटची फेरी लागल्यावर, गल्ला बंद करून,
कुणी बघत नाहीसं पाहून.
त्र्याहत्तरला एक रिक्षावाला हाका मारायला लागला.

आणि आता म्हणे ती राजकन्या.
मानेवर तीळ, तिळात शंख, शंखात भविष्यवाणी.
पान एकशे चाळीसवर वंशवृक्ष,
समोर नकाशा, त्यात आपल्यासारखीच एक खाडी,
पण तिचं नाव वाचताना जीभ अडखळते.
दार आता आकड्यांनी उघडत नाही.
तिच्या रक्ताचा थेंब पडावा लागतो.
आणि ती कालवं फोडणारी बाई?
ती आई नव्हतीच. सांभाळायला ठेवलेली.
सहा ओळींत निरोप, एक मोत्याची माळ, संपलं.
अहो लेखिकाबाई,
मी इथे अकरा वर्षं तिकिटं फाडते आहे.
माणशी, दुचाकी, चारचाकी, बकरीचं वेगळं.
रक्त विचारून कुणाला पलीकडे सोडलेलं नाही.

हे सगळं मी तहूराला ऐकवलं.
पुस्तक तिचंच. इयत्ता पाचवी,
परकारांची धाकटी, रोज धोपाव्याला शाळेत जाते,
दप्तर पाठीवर नाही, पोटावर लावते.
ऐकून घेतलं तिने. चिंच चोखत होती.
मग म्हणाली,
"पण मावशी, राणी झाली ना ती?
आता तिला बोटीतून कोण उतरवणार?"

बोट लागली. फळी पडली.
तीन ट्रक, एक वऱ्हाड,
बर्फाची पेटी बांधलेला एक सायकलवाला.
मी सुटे मोजत राहिले.
मागच्या मार्चात, गणिताच्या पेपरादिवशी,
एक मुलगी पास घरी विसरली होती.
चढली होती, मी खाली घेतली.
नियम म्हणजे नियम, असं काहीतरी म्हणाले असेन.
दोन वेण्या होत्या. चेहरा मी पाहिला नव्हता.
माझा तिने पाहिला असणार.

सुटे दोनदा मोजले. दोनदा वेगळे आले.

तरी माझं म्हणणं बदलत नाही.
थोडं हलतं,
नांगरलेली होडी हलते तसं, दोरीभर.
आईला सहा ओळी म्हणजे सहाच ओळी,
ते मी माफ करणार नाही.
पण कालवीला सिंहासनावर बसलेली वाचताना
तहूराने पान दुमडून ठेवलंय,
आणि ती दुमड मी सरळ केलेली नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं दोघींचं जमलं.
पाणमांजर.
पहिल्या भागात अर्ध्या शेपटीचं ते जनावर
नुसता ओला पंजा तिच्या मनगटावर ठेवायचं,
आणि कालवीला सगळं कळायचं, आम्हालाही.
दुसऱ्या भागात ते बोलतं.
सल्ले देतं. म्हणीसुद्धा वापरतं.
"शी," तहूरा म्हणाली.
मी कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलं
आणि पान दोनशे सातमध्ये खूण म्हणून घातलं:
इथून पुढे पाणमांजर जे बोलतं
ते मोठ्याने वाचू नये.