पेटी एकेचाळीस

फार्मिंग्टनच्या बाहेर, पत्र्याच्या लांब शेडमध्ये
डेल्फीन एटसिटी खडकाचा कण दाताखाली धरते.
कचकचला तर गाळ,
लोण्यासारखा विरला तर खोल पाण्यातला चिखल.
"हे कॉलेजात शिकवत नाहीत,"
म्हणते, आणि कागदी कपात थुंकते.

विहीर कोरडी गेली.
नकाशावर किनारा पट्टीने आखलेला,
वायव्येकडून आग्नेयेला, सरळ,
जणू समुद्र वळायचा तर आधी विचारून वळला असता.
ह्यूस्टनहून दोन ओळी आल्यात:
शुक्रवारपर्यंत कारण हवं.

ती पेट्या मांडते. वाचायचं खालून वर.
बाटलीतून पाण्याचा फवारा मारते
आणि करडा दगड घटकाभर जागा होतो.
तळाशी काळा चिखल,
मग वादळांनी फुगवलेले थर,
मग कोळंबीची बिळं, अंगठ्याएवढी,
गोळ्यागोळ्यांनी लिंपलेली;
घर सारवून कुणी बाहेर पडलं
ते परत आलंच नाही.
त्यावर स्वच्छ रेती, किंचित कललेली,
जिथे लाट चढून विरायची.
सगळ्यात वर दलदलीचा कोळसा.

"म्हणजे समुद्र मागे हटत होता," मी म्हणतो.
मी नुसता पेट्या उचलणारा,
पण सात वर्षं उचलतोय.

"तिकडच्या विहिरीत, हो. आता ही कोरडी बघ."
पेटी एकेचाळीस.
रेतीत चिखलाचे पापुद्रे, जोडीजोडीने,
भरती ओहोटी
भरती ओहोटी
आणि बुडाशी शिंपल्यांचा चुरा.
"इथे पुळण नव्हतीच. खाडीचं तोंड होतं.
पुढे चिखलाने बुजलं.
वायू यायचा कुठून?"
खोडरबराने ती रेघेचा तेवढाच तुकडा पुसते.
डाग राहतो.
मग अडीच मैल आग्नेयेला एक बारीक फुली,
आणि फुलीपुढे प्रश्नचिन्ह.

डबा खाताना मावशीचं सांगते.
नागीझीच्या पुढे घर, परसामागून पाइपलाइन,
गॅस कॅलिफोर्नियाला जातो,
मावशी जुनिपरची लाकडं फोडते.
दर शनिवारी पिकअपमध्ये पिंपं घालून
पाण्यासाठी एकवीस मैल.
"समुद्राच्या तळाशी राहते," डेल्फीन हसते,
"आणि पाणी विकत आणते."
मग हसत नाही.

"ही फुली खरी ठरली तर?" मी विचारतो.
ती टोमॅटोची फोड उचलते,
मीठ लावते,
उत्तर देत नाही.

संध्याकाळी झाकणं लावली.
एकेचाळीसला शेवटी लावलं.
अजून ओली होती.