दीड फेरा

शेचाळीस अंशांची दुपार. कामठी रोडवर
ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे
फियाट पुन्हा आचके देऊन थांबली.
पेट्रोल नळीतच उकळलं होतं.
बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं,
तापकऱ्याच्या कपाळावर घडी ठेवतात तसं,
आणि रसवंतीच्या सावलीत उभा राहिलो.
यंदाची ही चौथी वेळ.

म्हणून निमिष हिंगण्याहून आला, खोकं घेऊन.
गड्डीगोदामला, डोमाजी निखारेच्या गॅरेजात,
कालच्या पेपरवर त्यानं सगळं मांडलं:
थ्रॉटल बॉडी, टाकीत बुडणारा पंप,
धुराच्या नळीत बसणारा सेन्सर.
लॅपटॉपमध्ये रकानेच रकाने,
इतक्या फेऱ्यांना इतकं पेट्रोल,
इतक्या उन्हाला इतकं.
“काका, डिसेंबरात चोक नको, मे महिन्यात फडकं नको.
किल्ली फिरवा, निघा.”
एकही शब्द खोटा नव्हता.
मी किंमत विचारली. मग पाणी मागितलं.

कार्बोरेटरला रकाने ठाऊक नाहीत.
पोटात वाटीभर पेट्रोल, त्यावर पितळी तरंगा,
आणि एक अरुंद गळा.
वारा तिथून घाईनं निघाला
की पेट्रोल आपणहून त्याच्या मागे लागतं.
एवढंच शास्त्र. बाकी सगळा डोमाजी.

रबरी नळीचं एक टोक त्या गळ्याशी, एक कानाशी.
स्क्रू पूर्ण आवळायचा, मग दीड फेरा सैल,
मग डोळे मिटून केसभर इकडे, केसभर तिकडे.
प्लगचं तोंड काळं असलं तर गाडी खादाड,
पांढरं असलं तर उपाशी.
शेंगेच्या टरफलाचा रंग आला
की मगच पैसे घ्यायचे.

मला वाटलं, तो पोराला हाकलेल.
तर नळी गुंडाळत म्हणाला,
“लावून टाका भाऊ ते खोकं.
दिवाळीपासून डाव्या कानानं आयकू येत नाही मले.
उजवाही चालला आता.
मागच्या खेपेले तुमची गाडी
म्या हातानंच लावली, मडगार्डावर तळवा ठेवून.
तुमाले समजलं नाही.”

खरंच समजलं नव्हतं.
सहा महिने मी त्या तळव्याच्या भरवशावर
काटोल नाक्यापर्यंत जाऊन येत होतो.

निमिष खोकं बंदही करेना, पुढेही सरकवेना.
रस्त्यावरून कूलरच्या ताट्यांचा हातगाडा गेला,
क्षणभर पेट्रोलवर वाळ्याचा वास चढला.

“नळी द्या,” मी म्हणालो.
आधी माझाच श्वास ऐकू आला.
मग खाली, खोल,
कोणी बशीतून चहा ओढावा तसं काहीतरी.
“काय आयकू येते?” डोमाजी ओरडला,
कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात तसा.
मला शब्द सापडेना.
त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला
आणि आपला तळवा मडगार्डावर ठेवला.

“पंप तेवढा विजेचा लावू,” निमिष हळूच म्हणाला,
“फडक्याचं काम संपेल.”
डोमाजीला ते ऐकू गेलं नाही.
मी मान हलवली. स्क्रू आवळला.
मोजायला लागलो.