रकाना अकरा

मंगळवार म्हणजे गरोदर बायांचा वार.
तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात पंखा एक, बाकडी तीन,
आणि डॉक्टर हर्षलच्या नव्या फॉर्मात रकाने चौतीस.
अकरावा: वंश किंवा समाज.
"सिस्टर, हा रिकामा सोडू नका,
माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे."

मी पट्टा गुंडाळते. फुगवते. सोडते.
बावीस वर्षं ऐकतेय हा आवाज.
आधी काहीच नाही,
मग कुणी दाराशी आल्यासारखी टक् टक्,
मग पुन्हा काहीच नाही.
त्या दोन शांततांच्या मधे बाई असते.

दिवाळ्याची करिश्मा कोळी, सातवा महिना,
वरचा एकशे अडतीस.
मीठ कमी कर म्हटलं तर हसली,
"आमचे घरान मीठ डब्यान नाय, वाऱ्यान हाय."
लिहिलं: कोळी.

नेरूळच्या वॉचमनची मनमाया, जिन्याखाली राहते,
डोंगरातून आणलेला अठ्ठ्याण्णव.
समाज? म्हणाली, मगर.
हर्षलच्या यादीत मगर नव्हता.
मागच्या बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं,
"माझं माहेर मगरांचंच की, बारामतीकडं!"
सगळ्या हसल्या, पोटं सावरून.

कोपरखैरण्याची चिदिन्मा, लागोसची.
तिच्या फॉर्मवर मोजायच्या आधीच लाल ठिपका,
जोखीम जास्त.
पट्टा दंडाला पुरेना.
मोठा मागवून तीन वर्षं झाली.
शेवटी कोपराखाली बांधला: एकशे बारा, बहात्तर.
"घरमालकानं रात्री सामान बाहेर काढलं ना,
तेव्हा मोजायचं होतं," ती म्हणाली.
तिची हिंदी माझ्याहून बरी.
हे कुठल्या रकान्यात टाकू, विचारलं.
हर्षल फॉर्म उलटून पाठची कोरी बाजू बघत राहिला.

मग हणमव्वा. वडार, दगडखाणीवरची, आठवा.
एकशे बावीस, ब्याऐंशी.
"नॉर्मल. पुढची."

मी पट्टा सोडला नाही.
तिचं कार्ड हळदीनं पिवळं, कोपरे झिजलेले.
मार्चमधे अठ्ठ्याऐंशी, छप्पन्न.
मेमधे नव्वद, अठ्ठावन्न.
खाणीवरच्या कितीतरी जणींचा असाच,
जमिनीला धरून चालणारा.
हा एकशे बावीस कुणाचा नॉर्मल, डॉक्टर?
कुणाच्या दंडावरून काढला?
रक्तातच असेल म्हणा,
किंवा अर्ध्या भाकरीत, खडीच्या पाटीत,
आईच्या पोटातल्या उपाशी महिन्यांत.
ते मला नाही कळत, ते तुमचा प्रबंध सांगेल.
मी कार्डावर फक्त दोन आकड्यांमधलं अंतर बघते.

डोकं दुखतं का गं?
"उन्हानं."
डोळ्यांपुढं काही?
"काजवं. धूळ असल खाणीची."
नडगीवर अंगठा दाबला.
खड्डा पडला आणि तसाच राहिला.
लघवीत बुडवलेली पट्टी हिरवी झाली.

"आज मुकादम पैसं देणार हाय. उद्या येते."
उद्या येते म्हणणारी एक होती,
पावण्याची, गेल्याच्या गेल्या वर्षी.
तिचं कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे.
झटका कसा येतो ते मी हणमव्वाला सांगितलं नाही,
फक्त तिची चप्पल खुर्चीखाली सरकवली.

हर्षल फोन लावत होता, वाशीला, आवाज बदलून.
इंजेक्शन भरताना माझा हात कापला थोडा.
माझा स्वतःचा दाब
मी दिवाळीपासून मोजलेला नाही.

गाडीला चाळीस मिनिटं लागली.
चिदिन्मा घरी गेली नव्हती.
हणमव्वाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती
आणि कोऱ्या फॉर्मनं तिला वारा घालत होती.
कुठल्या भाषेत बोलत होत्या कुणास ठाऊक.
रकाना अकरा
वर जात होता, खाली येत होता.