तिसरा रकाना

शहराचं तापमान
खाडीपलीकडे राहतं, विमानतळावर,
गवतात, पांढऱ्या पेटीत, चार पायांवर.
फेरीचं तिकीट काढल्याशिवाय भेटत नाही.
रेडिओवर मात्र रोज येतं: एकतीस.

एकतीस ऐकत
याबोम पत्र्याखाली पाठ फिरवते.
फ्रीटाउनच्या या काठावर
पत्रा म्हणजेच घर, बाकी नुसते वासे.

मग सालामातू आली विद्यापीठातून,
काडेपेटीएवढी तापमापकं घेऊन.
खिळ्याला टांगा, दारापासून दूर.
वहीत दोन रकाने: वेळ, अंश.
मी मासळीला धुरी देणारी बाई,
आकडे मला उधारीनं शिकवलेत.
तिसरा रकाना मीच आखला, कोणी न सांगता:
कोण झोपलं नाही.

पहिल्या बैठकीत टायवाला म्हणाला,
"बाई, ही तर तुमच्याच भट्टीची धग."
खोटं बोलत नव्हता.
तीच तर पंचाईत.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात.
आम्हाला लागला,
वर आरशावर शिक्कासुद्धा.

सतरा दिवस भट्ट्या विझवल्या,
गल्लीतल्या अकराजणींनी.
ओला बोंगा पडेल भावानं विकला,
उरलेला कुत्र्यांनीही हुंगून सोडला.
जेनेबानं कानातलं मोडलं.
बोईनं एकदा वहीच भिरकावली:
"आकडे शिजतात का गं?"
उत्तर नव्हतं.
वही उचलली, राख झटकली,
दुपारी तीन: बेचाळीस.
रात्री दोन: चौतीस.
चुली गार.
आता सांगा, धग कोणाची?

दुसऱ्या बैठकीत
आकडे वाचेपर्यंत ते घड्याळ बघत होते.
मग मी तिसरा रकाना वाचला.
कुंबा, वय नऊ महिने. पा सोरी. मी.
कुंबा. पा सोरी. कुंबा.
कुंबा. कुंबा, आणि तिची आई.
दहाव्या रात्री कुंबाचं नाव नाही.
टायवाल्यानं मान वर केली.
"मग? तिचं काय झालं?"

काही नाही, साहेब.
तिची मावशी टेकडीवर एका बंगल्यात धुणीभांडी करते.
तिच्या खोलीत नेऊन निजवली.
तिथं आंब्याची सावली आहे.
झोपली.

तेव्हा पहिल्यांदा
त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

पत्र्यांना पांढरा रंग मिळणार म्हणे, मार्चपर्यंत.
टेकडीवरची झाडं इथवर कशी उतरणार,
ते त्या कागदात नाही.
भट्ट्या पुन्हा पेटल्या आहेत.
धग आमची किती, तेही आता वेगळं मांडतो.
पेन्सिल संपली मंगळवारी.
कोळशानं लिहितेय.
रेघ जरा जाड येते.