बसत नाही ते चाक

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी खाली उतरून बघितलं.
चारही चाकं सारखीच उभी.
एकेकाला लाथ घातली,
माझाच अंगठा दुखला.
म्हटलं, दिव्यालाच काही झालंय.

पिवळा, इवलासा,
बुडाशी चेपलेल्या लोट्यासारखा,
पोटात एक उद्गारचिन्ह.

रोहिदासला व्हिडिओ लावला.
त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगरलेलं,
मागे इंजिनाची घरघर.
म्हणाला, पहाटेच्या गारव्यात हवा आकसते,
लागतो कधी कधी. बटण दाबून धर, जाईल.
धरलं. गेला.
तू बरा आहेस ना?
एकदम बरा, म्हणाला,
आणि पडद्यावर त्याचं तोंड अर्धं उघडं थिजलं.

गाडी त्याची. जर्मन, दुसऱ्या हाताची.
"बॅटरी मरू देऊ नकोस"
एवढ्या वाक्यावर माझ्या गळ्यात पडलेली.
दोन दिवस फिरवली:
खांडोळ्याची शिकवणी, डिचोलीला भजनाची तालीम,
मागच्या सीटवर पेटी, पट्टा लावून बसवलेली.

गुरुवारी आमोण्याच्या पुलावर दिवा परत.
खाली मांडवीत एक बार्ज, हलते की नाही कळेना.
स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढत होतं,
जसा वर्गातला एखादा पोरगा
पाव सूर खाली राहतो
आणि शेजारच्याच्या आवाजात लपतो.
पलीकडे जाऊन डिकी उघडली.
स्टेपनी नाहीच. एक खळगा,
त्यात रोहिदासचा घडी घातलेला रेनकोट.

माशेलच्या इनासने पुढच्या उजव्या चाकाला मीटर लावला.
काटा जागचा हलला नाही.
"वारें ना, बाय."

मी म्हटलं, पण उभं आहे की!
तो हसला. त्याने टायरच्या कुशीवर
मुठीने दोनदा ठोकलं, नारळ पारखावा तसं.
ह्याची बाजूची भिंत जाड. हवा गेली तरी
गाडीला उचलून धरतं.
ऐंशी किलोमीटर, तेही ऐंशीच्या वेगाच्या आत.
मग आतून भुगा.
बाहेरून बघाल तर काही नाही,
म्हणून तर दिवा हवा.

आणि बटण?
ते हवा भरून झाल्यावर दाबायचं.
आधी दाबलंत ना,
तर तुम्ही गाडीला शिकवलंत
की हीच हवा बरोबर.

शिकवलंत, म्हणाला.
बावीस वर्षं मी शिकवते आहे.

मी बोटांवर अंतर मोजू लागले,
माशेल ते डिचोली, परत, पुन्हा खांडोळा.
वेगाची भीती नव्हती;
खनिजाच्या ट्रकांमागून ऐंशीने जातंय कोण.
पण बेरीज साठावर गेली आणि मी बोटं मिटली.
इनासने मांडीवर हात पुसले:
पॅच मारणार नाही. रिकामं पळालंय, आतलं रबर कुठे तुटलंय
मला दिसत नाही, तुम्हालाही नाही.
नवं बेळगावहून, सोमवारी.

रिक्षाने घरी आले, पेटी मांडीवर.
तिचा भाता चिरला तर
पुढच्याच स्वराला कळतं,
अंगणातल्या मांजरालाही कळतं.

रात्री फोन लागला.
टायरचं सांगितलं. किती पैसे, त्याने विचारलं.
मी म्हटलं, तू कसा आहेस?
एकदम बरा.
नेहमी इथे मी "बरं मग, ठेवते" म्हणते.
आज म्हटलं नाही.
काहीच म्हटलं नाही.
तिकडे एक लोखंडी दार आपटलं, कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं,
फोनचे पैसे जात राहिले.

मग तो म्हणाला, तीन आठवडे झाले,
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
कुणाला सांगितलेलं नाही. काम चालतंय.

किती दिवस चालेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं.
ते गिळलं.
विचारलं, कुठून दुखतं,
नीट सांग, सावकाश.