रुमालाखाली

रात्री दीडला मेल आला.
'आपल्या संग्रहातील एक खेळ आता उपलब्ध नाही.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'
सातशे नव्व्याण्णव रुपये, दिवाळीच्या बोनसमधले.
पावती उघडली, तर तिच्यावर
'खरेदी' हा शब्दच कुठं नव्हता.
'परवाना' होता. 'मागे घेता येण्याजोगा.'
तोही तळाशी, मुंगीएवढा.

वडील मार्केट यार्डात तोलार होते.
त्यांच्याही आधीची गोष्ट सांगायचे:
हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
वर कापड, खाली बोटं दाबून भाव.
ज्याचा माल तो समोर उभा,
कापडाच्या हालचालीकडं बघत.
"काय ठरलं?"
"चांगलं ठरलं."

बँकेच्या साध्या फॉर्मवरही वडील
दोनदा चष्मा पुसल्याशिवाय सही करत नसत.
मी विश्रामबागच्या खोलीत, कानाला हेडफोन,
एकेचाळीस पानांखाली 'सहमत आहे' दाबलं
सव्वा सेकंदात.

ट्रॅक्टर चालवायचा गेम होता तो. साधा.
नांगरट, पेरणी, मळणी,
आणि न भुंकणारं एक कुत्रं.
त्याला माझा माईक कशाला हवा होता?
फोनमधले नंबर कशाला?
मी कुठं आहे, हे कशाला?
सांगलीत आहे बाबा, अजून कुठं असणार.

डिसेंबरात स्टोअरनं फुगे सोडले स्क्रीनवर:
'अभिनंदन! यंदा आपण चारशे बारा तास खेळलात.
बहुतेक रात्री एक ते तीन.'
नोकरी गेली होती त्या वर्षी.
बायकोलासुद्धा वाटायचं, झोपलोय.
फुगे वर वर जात राहिले
आणि मला कळलं,
रुमालाखाली भाव चाललाय
ती हळद कोण.

इलियास मुजावरचं सीडीचं दुकान होतं
मारुती चौकात, बोळाच्या तोंडाशी.
दिवसाला दहा रुपये.
त्याच्या वहीत माझं नावसुद्धा नव्हतं:
'बारक्या, हायस्कूलवाला, सीडी २, येणे २०.'
एवढीच माझी माहिती होती जगात.
एकोणीसच्या पुरात ती वही गेली,
माझी पंधरा वर्षांची थकबाकीही तिच्यासोबत.
पाणी उतरल्यावर त्यानं जुन्या सीड्या धुऊन
दोरीवर वाळत घातल्या, चिमटे लावून,
लहान पोरांच्या चड्ड्या घालतात तशा.
"ने हवी ती. आता कोण भाड्यानं नेतंय."
भिंतीवर पुराची रेघ अजून आहे तिथं.
कुठपर्यंत गेलं, काय गेलं,
बोट ठेवून दाखवता येतं.

माझ्या संग्रहात रेघ नाही.
गेम होता तिथं शेजारचा सरकून बसलाय,
एसटीत कुणी उठलं की बसतात तसा,
खिडकीबाहेर बघत.

काल मिरजेहून जुना सीडी ड्राइव्ह आणला.
वायफाय बंद केलं.
आतून आवाज आला, "बिल भरलं नाहीस का?"
भरलंय, म्हटलं.
सीडी फिरली, गिरणीसारखी घरघरली,
काळ्या पडद्यावर एक चौकट: नाव?
'बारक्या' लिहिलं.
पुढं काही विचारलं नाही त्यानं.

तिसऱ्या फेरीत गाडी पुलावर अडकते.
दर वेळी तिथंच.
सीडी काढून ट्यूबलाईटखाली तिरकी धरली:
ओरखडा आहे, नखाएवढा,
पुरातल्या वाळूचा असणार.
दिसतो तरी.