आधी चिमटा

हामरफेस्टला मी सहा आठवड्यांसाठी आले.
बिल्ला छापून यायला वेळ होता,
म्हणून कागदाच्या पट्टीवर पेननं: बोदिल, बदली.
नोव्हेंबर संपत आलेला. सूर्य आता थेट जानेवारीत.
खाटा चौदा.

पंप पाहिला आणि म्हटलं, येतो मला.
ऑर्हूसला अकरा वर्षं हेच केलंय.
गुद्रुन सोलबाक्क काही बोलली नाही.
तिनं सलाईनची पिशवी टांगली,
नळीचं टोक हात धुवायच्या बेसिनमध्ये सोडलं
आणि म्हणाली, चालव.

तिकडे हिरवं बटण म्हणजे सुरू.
इकडे हिरवं म्हणजे नळीतली हवा काढ,
पूर्ण वेगानं.
बेसिनमध्ये धार लागली.
बेसिनला काय, ते मरत नाही.

पुन्हा, गुद्रुन म्हणाली.
दार उघडायच्या आधी चिमटा.
नळी काढायच्या आधी चिमटा.
आकडा मोठ्यानं वाच, स्वल्पविरामासकट,
दीड आणि पंधरा यांच्यामध्ये
तेवढाच एक ठिपका उभा असतो.
सातव्या खेपेला तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही,
फक्त डाव्या हाताकडे.
मग सही केली. सहीखाली लिहिलं:
फक्त या मॉडेलसाठी.

तिसऱ्या रात्री अतिदक्षतेतून निल्लास वर आला,
रेनडियरचा कळप राखणारा, दमलेल्या काळजाचा,
आणि त्याच्यासोबत निळा पंप,
मी कधी न पाहिलेला.
तीन वाजता तो ओरडायला लागला.
माझं बोट आपोआप पुढे गेलं,
वाटेतच थांबलं.

खाली फोन लावला. म्हटलं,
हा मला येत नाही.
हे वाक्य डॅनिशमध्ये आणि नॉर्वेजियनमध्ये
जवळजवळ सारखंच आहे,
तरी तोंडातून निघेना.

निल्लास डोळे मिटूनच म्हणाला,
बरं केलंस.
माझा जावई म्हणाला होता, येते मला.
स्नोस्कूटर अजून तळ्याच्या तळाशी आहे.
आणि जावई?
तो पोहत आला, म्हणून तर रोज भेटायला येतो.

आता बोटीवर आहे, दक्षिणेकडे निघालेली.
पुढच्या इस्पितळात कुठला पंप, ठाऊक नाही.
कॉफीच्या यंत्रासमोर उभी राहते,
बटणाकडे उजवा हात जातो
आणि डावा
कपाच्या आसपास
चिमटा शोधत राहतो.
मागे रांग थांबलेली.